हाताच्या मापाची मूठ

रिव्हॉल्व्हर घेतलेला माणूस नळीबद्दल बोलतो, गोळीबद्दल बोलतो, किमतीबद्दल तर फारच बोलतो. मुठीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कारखान्यातून ज्या दोन पट्ट्या स्क्रूने आवळून आल्या, त्या जन्मभर तशाच राहतात, आणि नेम चुकला की दोष डोळ्यांना, नाहीतर वयाला. मी सत्तावीस वर्षं फौजेत आर्मरर म्हणून काढली. हत्यार घेऊन माझ्या टेबलापाशी आलेल्या दहा जणांतल्या निम्म्यांच्या हत्याराला काही झालेलं नसायचं. हत्यार आणि हात यांचं जमत नसायचं, एवढंच.

हे मला फौजेने शिकवलं असं मात्र नाही. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचे सुतार. कुणी कुदळीला दांडा बसवायला आणला, विळ्याला मूठ करायला आणली, की ते आधी म्हणायचे, "हात दाखव." नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा ज्योतिष बघतो की काय. ते तळहाताची रुंदी बघायचे, बोटांची लांबी बघायचे आणि घट्टे कुठे पडलेत ते बघायचे. घट्टा चुकीच्या जागी असेल तर जुना दांडा चुकीचा होता. बाभळीचा दांडा तासून झाला की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि स्वतः त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. दांड्याकडे नाही. पुढे मी एवढी मॅन्युअलं वाचली, पण याच्यापेक्षा चांगली तपासणी कुठल्याच पानावर सापडली नाही.

रिव्हॉल्व्हरचं दुखणं काय, ते आधी सांगतो. गोळी पुढे जाते तेव्हा हत्यार मागे येतं, हे रंगरूटालाही ठाऊक असतं. पण ते नळीच्या रेषेत मागे येतं आणि आपला हात त्या रेषेच्या खाली असतो. म्हणून ते नुसतं मागे ढकलत नाही, मनगटाभोवती वर उसळतं. हात जितका खाली तितकी उसळी मोठी. रिव्हॉल्व्हरमध्ये मध्येच सिलिंडर बसलेला, त्यामुळे नळी हातापासून बरीच वर. त्यात ट्रिगर गार्डच्या मागे, जिथे फ्रेमला बाक असतो, तिथे जुन्या बनावटीत पोकळी असते. मधल्या बोटाला आधार मिळत नाही आणि प्रत्येक फायरला गार्ड बोटाच्या पेरावर टपली मारतो. सहा गोळ्यांनंतर बोटाला कळतं की सातवी येणार आहे. मग बोट आधीच आक्रसतं, आणि त्या आक्रसण्यात नेम जातो. पुष्कळ लोक याला भीती म्हणतात. मी म्हणतो, पेर दुखत होतं.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. ब्रिटिशांच्या वेबली रिव्हॉल्व्हरची मूठ आधी पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळलेली असे. १९१५ साली मार्क सहा आलं तेव्हा त्यांनी ती चोच काढून चौकोनी बुडाची भरदार मूठ दिली. .४५५ ची जड गोळी, चिखलाने आणि घामाने बरबटलेला हात, तिथे चोच पुरेना. पुढे .३८ चं एनफिल्ड आलं. त्याच्या १९३८ च्या मॉडेलात घोड्याचं शेपूट काढून टाकलं, कारण रणगाड्यातून चढता-उतरता ते कशालाही अडकायचं. पण घोड्याला शेपूट नाही म्हणजे तो अंगठ्याने मागे ओढून निवांत हलका फायर करण्याची सोय गेली. प्रत्येक गोळी लांबच लांब चाप ओढूनच उडवायची. तेव्हा कडेच्या पट्ट्यांचा आकारही बदलला. चाप जड झाला की मूठ बदलावी लागते, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. आपल्याकडे हीच एनफिल्ड आणि वेबली वर्षानुवर्षं वापरात राहिली. आमच्या काळी कोतात एखादं जुनं .३८ निघालं, की त्याच्या झिजलेल्या पट्ट्यांवर कुणाकुणाचे अंगठे उमटलेले दिसायचे.

आता एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो, नाहीतर उद्या कुणीतरी माझं नाव सांगेल. सरकारी हत्याराला हात लावायचा नाही. जसं इश्यू झालं तसं जमा करायचं. मी जे सांगतोय ते नेमबाजीच्या टीमच्या खेळाच्या हत्यारांबद्दल आणि ज्याच्याकडे स्वतःच्या लायसन्सचं आहे त्याच्याबद्दल. आणि तिथेसुद्धा फक्त पट्ट्या बदलायच्या. फ्रेमच्या लोखंडाला कानस लावायची नाही.

महूला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदारकी संपवून नायब सुभेदार झालो होतो. महू म्हणजे माळवा. काळी माती, सकाळी पोहे-जिलेबी, पावसाळ्यात जानापावच्या डोंगरावर उतरणारे ढग. इन्फन्ट्री स्कूल तिथलंच, आणि नेमबाजांची आर्मी मार्क्समनशिप युनिटही तिथलीच. लंडनला २०१२ साली रौप्यपदक घेणारे आपले विजय कुमार तिथेच घडले. पण मी सांगतोय ती गोष्ट पदकवाल्यांची नाही. एका साध्या टीमकडे सेंटर फायरची हत्यारं होती, त्यांची देखभाल माझ्याकडे होती, आणि त्या टीममध्ये कोल्हापूरकडचा एक हवालदार होता.

सेंटर फायर पिस्तूल हा २५ मीटरचा खेळ. साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच-पाचच्या सिरीज, एका सिरीजला पाच मिनिटं. पुढच्या तीस भराभर: निशाण तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद लपतं, आणि त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणून एक गोळी सोडायची. पैकीच्या पैकी म्हणजे ६००. जसपाल राणांनी २००६ साली दोह्याच्या आशियाई खेळांत याच प्रकारात ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. हल्ली बहुतेक जण यात .३२ चं पिस्तूल वापरतात, पण आमच्या या गड्याचं प्रेम रिव्हॉल्व्हरवर. परदेशी बनावटीचं, सहा इंची नळीचं. घोडा मागे ओढला की चाप काचेसारखा तुटतो, म्हणायचा.

हा गडी ५७० च्या आसपास मारायचा. मग पलटणीबरोबर सियाचीनला गेला आणि उजव्या हाताला हिमदंश झाला. करंगळी गेली. अनामिकेचं टोकाचं पेर गेलं. जखम भरून, कागदपत्रांचे सगळे सोपस्कार होऊन तो परत टीमकडे आला तेव्हा ५४० सुद्धा होईना. कोच गढवाली सुभेदार साहेब, माणूस भला, पण हिशेबाचा पक्का. सहा आठवड्यांनी ट्रायल होती. त्यात जमलं नाही तर पलटणीत परत.

त्याला बऱ्याच जणांनी कॅरोली टाकाचची गोष्ट सांगितली. हंगेरीचा सार्जंट. १९३८ साली हातात बॉम्ब फुटून उजवा हात गेला, तर डाव्या हाताने शिकला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत, दोनदा ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण हा मला म्हणाला, "साहेब, ज्याला त्याला मला टाकाच करायचंय. माझा हात गेलेला नाही. दीड बोट गेलंय."

मी म्हटलं, "हात दाखव."

त्याने खिशातून हात काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की महिनाभर हा माणूस माझ्याशी हात खिशात ठेवूनच बोलत होता. मी तो टेबलावर उताणा ठेवला आणि वडिलांसारखा घट्टे बघत बसलो. बसल्या बसल्या तो बोलत गेला. बायकोला सगळं माहीत होतं. आईला सांगितलेलं नव्हतं. फोनवर "थंडी फार, बाकी मजेत" एवढंच. रजा आली तरी घरी जात नव्हता, कारण आईसमोर जेवायला बसायचं म्हणजे उजवा हात ताटात जाणार.

त्याच्या आधी दोघातिघांनी त्याच्या मुठीवर हात चालवला होता. सगळ्यांनी एकच केलं होतं: बोट नाही तिथे भर घातली होती. एम-सीलचा गोळा लावून पोकळी भरून काढली होती. ऐकायला बरोबर वाटतं. नेमबाजांत एम-सीलचा चालच आहे, विकतच्या मुठीवर थापायचं, ओलं असताना पकडायचं, सुकलं की घासायचं. पण मी लंगरमधून कणकेचा गोळा आणला, जुन्या दांडीवर थापला आणि त्याला डोळे मिटून पकडायला सांगितलं. मग परत, परत, दहा वेळा. बाकी तळव्याचा ठसा दर वेळी तोच यायचा. अनामिकेच्या थोट्या टोकाचा ठसा दर वेळी वेगळा. कधी आत दाबलेला, कधी नुसता शिवलेला, कधी नाहीच. ते टोक चुकवत होतं. तिथली कातडी पातळ, आत सगळ्या नसा जाग्या. त्याच्यावर कुणी टणक भर घातली तर प्रत्येक फायरला ती त्याच्यावरच आदळणार. तो तोंडाने काही बोलत नव्हता, पण बोट चोरत होता, आणि बोट चोरलं की मुठीचं बूड सुटायचं. गोळ्या उभ्या रेषेत पसरायच्या त्या त्यामुळे.

म्हणजे तिथे लाकूड घालायचं नव्हतं. काढायचं होतं.

लाकूड माझ्याकडे होतं. आधीची पोस्टिंग काश्मीरची. श्रीनगरच्या रैनावारीत बंदूक खार मोहल्ला म्हणून वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडवणाऱ्यांची. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला अक्रोड ओळखायला शिकवलं होतं. फांदीचं लाकूड फिकं आणि भुसभुशीत, खोडाचं तपकिरी, आणि मुळाकडचं जवळजवळ काळं, रेषा दाट, सर्वांत महाग. सावलीत वर्षानुवर्षं रचून सुकवलेलं पाहिजे, घाईने सुकवलेलं फाटतं. त्याने निघताना मुळाकडचे दोन तुकडे दिले होते, वीतभर लांबीचे. ते माझ्या ट्रंकेत चार वर्षं फिरत होते.

मुठीला किती काम असतं ते कापायला बसल्यावरच कळतं. आधी उंची. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं फ्रेमच्या पाठीवर जितकं वर जाईल तितकं चांगलं, पण घोडा मागे येताना हाताला लागता कामा नये. मग पल्ला, म्हणजे बेचक्यापासून चापापर्यंतचं अंतर. सिंगल ॲक्शनला तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर पडली पाहिजे. पूर्ण चाप ओढून मारायचं असेल तर बोट थोडं अजून आत, पहिल्या सांध्याकडे चालतं. लहान हाताच्या माणसाला मागची लोखंडी पाठ उघडी सोडणारी मूठ द्यावी, पल्ला वाचतो. मोठ्या हाताला पाठ झाकणारी. आमच्या गड्याचा हात मोठा, तिथे अडचण नव्हती. गार्डमागची पोकळी भरून काढली, म्हणजे मधल्या बोटाला बसायला पाट मिळाला. तळव्याच्या खळग्यात भरेल असा फुगवटा ठेवला. आणि हाताच्या बुडाखाली आडवी टेक दिली, कारण करंगळी जे काम करायची ते आता तिला करायचं होतं.

टेक देतानाही मनमानी चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियम आहे: टेकेचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी नको, ती वर वळलेली नको, मुठीने हाताला वेढा घालायला नको, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. आणि अख्खं हत्यार ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. मी टिनाची पेटी करून ठेवली होती, रोज संध्याकाळी त्यात घालून बघायचो.

अनामिकेच्या टोकाखाली मात्र मी लाकूड कोरत गेलो. कंदिलाची काजळी त्याच्या बोटांना लावायची, मूठ पकडायला द्यायची, जिथे काळं उमटेल तिथे कानशीचा एक हात. दिवसाला एक हात, जास्त नाही. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात एक संध्याकाळ अशी आली की टोकाखाली काहीच उमटलं नाही. बोट मधल्या पेरावर टेकलं होतं आणि टोक हवेत निवांत होतं. मी मुठीकडे बघत नव्हतो. त्याचं तोंड बघत होतो. त्याने दुसऱ्यांदा पकडलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग म्हणाला, "साहेब, दुखत नाही."

जवसाचं तेल चोळून घेतलं, जाळीच्या खाचा बोथट ठेवल्या. लोकांना टोकदार खाचा आवडतात, पकड घट्ट वाटते म्हणून. साठ गोळ्यांनंतर त्याच खाचा हात सोलतात.

ट्रायलला ५६१ झाले. टीममध्ये तो चौथा आला, म्हणजे राखीव. सुभेदार साहेबांनी मूठ हातात घेतली, स्वतःच्या मोठ्या थोरल्या पंजात ती काही बसेना. "अजीब दस्ता है," एवढंच म्हणाले आणि पलटणीकडे पाठवायच्या कागदावर सही केली नाही. त्याच आठवड्यात तो रजेवर गेला. आईने हात बघितला तेव्हा काय झालं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. येताना मात्र माझ्यासाठी भडंगाचा डबा आणि आईने दिलेली लसणाची चटणी होती.

आता माझ्या गावचं सांगतो, म्हणजे ज्यांना पदक-बिदक काही नको, त्यांच्याही कामाला येईल. निवृत्त होऊन आलो तर शेजारचे आबा, तेही जुने सुभेदार, कानपूरच्या कारखान्याचं .३२ घेऊन बसलेले. आपल्याकडे माजी सैनिकांत हेच फार. सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं, वेबलीसारखं मधून मोडून उघडणारं. .३२ ची गोळी हलकी, धक्का फारसा नाही. पण आबांच्या अंगठ्याच्या मुळाला संधिवात. गुळगुळीत पातळ पट्ट्या, त्या धरायला मूठ आवळावी लागायची आणि आवळली की कळ कोपरापर्यंत.

अशा हाताला जाड मूठ बरी, म्हणजे बोटं पुरती मिटावी लागत नाहीत. फक्त जाडी कडेने वाढवायची, पाठीकडून नाही, नाहीतर चाप लांब जातो. आबांसाठी कडेने जाड पट्ट्या केल्या आणि वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा चढवला. रबराने धक्का कमी होत नाही, पण तो रुंद जागेवर आणि जरा उशिराने पोहोचतो, तेवढ्यावर म्हातारा हात खूश. परदेशात पाकमायर, होग यांच्या तयार रबरी मुठी मिळतात, त्या त्यांच्याकडच्या फ्रेमच्या मापाच्या. आपल्या कानपुरीवर ओढूनताणून बसवू नयेत. रबराचा एक दोष आहे, ते कपड्याला चिकटतं. सदऱ्याखाली बाळगणाऱ्याने लाकूडच ठेवावं.

आणखी एक बघायचं. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कळ डाव्या बाजूला अंगठ्याजवळ असते. डावी पट्टी वर फार भरली, तर अंगठा कळीला अडखळतो. सिलिंडर बाजूला उघडणारं असेल, तर त्याच डाव्या पट्टीच्या वरच्या कडेला खोलगट कापावं लागतं, नाहीतर रिकामी काडतुसं तिथे अडकून बसतात. निर्भीकसारखं अर्ध्या किलोचं हलकं हत्यार असेल तर मुठीचा विचार दुप्पट करा. गोळी तीच असते आणि हत्यार हलकं झालं की ते जास्त वेगाने मागे येतं.

मूठ बसली की नाही हे बघायची सोपी रीत आहे. हत्यार रिकामं करा, दोनदा तपासा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. डोळे मिटून हात निशाणावर न्या आणि मग डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप आलेली असेल तर मूठ तुमची. मनगट वाकवून आणावी लागली तर ती दुसऱ्या कुणाची. आबांनी हे पाच वेळा करून बघितलं आणि सूनबाईंना चहा टाकायला सांगितला.

कोल्हापूरचा गडी पुढे राजस्थानला गेला, रिव्हॉल्व्हर टीमकडेच राहिलं, पण मूठ त्याने परवानगी काढून बरोबर नेली. तिथेही त्याला तसंच हत्यार मिळालं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा फोन आला, मूठ खुळखुळतेय म्हणून. माळव्याच्या पावसात कापलेलं लाकूड, तिथल्या कोरड्या हवेत आकसणारच. मी सांगितलं, आतून पोस्टकार्डाएवढ्या जाडीची चामड्याची पट्टी लाव आणि स्क्रू आवळ. पण पाऊस सुरू झाला की अर्धा फेर सैल कर, नाहीतर लाकूड फुगून स्क्रूपाशीच चिरेल.